वाव

"मामा, तुमचा दोर तरंगायलाय."

भाचा फोनवर एवढंच बोलला आणि थांबला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, समोरच्या कट्ट्यावर कुणाचीतरी भाताची पोती उतरत होती आणि त्या नव्या भाताचा कोंडट, गोडसर वास आत येत होता. मला आधी काही कळलंच नाही. दोर कुजतो, तुटतो, उंदीर कुरतडतात, उन्हात पडून त्याचा भुगा होतो. या सगळ्या तक्रारी घेऊन माणसं बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारातल्या माझ्या पायरीवर येऊन गेली आहेत. पण दोर तरंगतो, अशी तक्रार चाळीस वर्षांत कुणी आणली नव्हती. मी म्हटलं, "तरंगायलाय म्हणजे?" तर म्हणाला, "आमच्या कॅप्टननं तुकडा बादलीत टाकून दाखवला. नायलॉन बुडतो, मामा. हा वर आला. पॉलिप्रॉपिलीन आहे म्हणायलेत ते." मग जरा थांबून, आवाज आणखी खाली आणून, "आणि दोन तुकड्यांत वीतभर फरक पडायलाय."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. मीही चढलो असतो, दोन शब्द इकडचे तिकडचे झाले असते आणि विषय संपला असता. पण पोरगं ओशाळून बोलत होतं. दसऱ्याला गोव्याहून घरी आलं तेव्हा, कामाला आहे त्या बोटीवरच्या लोकांना सांगून आलं होतं, आमच्या मामाचं दोराचंच दुकान आहे, तीन पिढ्यांचं, तिथनंच आणतो. १६ मिलीमीटर जाडीचा नायलॉन, १२-१२ मीटरचे दोन तुकडे, दोन्ही अगदी सारखे पाहिजेत, असं दोनदा बजावलं होतं. मी निळ्या रिळावरून दोर ओढला, आमच्या वडलांच्या पद्धतीनं हात पसरून वाव मोजले, सुरीनं कापला, टोकं मेणबत्तीवर धरली आणि भाच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून पैसेही घेतले नाहीत. आता वाटतं, घेतले असते तर बरं झालं असतं. परत तरी देता आले असते.

त्या रात्री दुकान बंद करायच्या आधी मी शटर अर्धं ओढलं आणि मागच्या मोरीतली बादली भरून पुढं आणली. दुकानात 'नायलॉन' म्हणून जेवढं काही विकतो त्या प्रत्येकाचा चार बोटं तुकडा कापला. निळा, पिवळा, हिरवा, पांढऱ्यात लाल धागा असलेला, म्हशीच्या दाव्याचा, ताडपत्रीचा, धुणं वाळत घालायचा. एकेक करून बादलीत टाकला. सगळे वर. हातानं तळाशी दाबून धरले, सोडले, पुन्हा वर. पाण्याला लागल्या लागल्या कडेला जाऊन चिकटून बसले, फुलपात्रातल्या तुळशीच्या पानांसारखे. शेवटी माळ्यावर एक जुनी पांढरी गुंडाळी होती, वडलांच्या वेळची, धुळीनं पिवळी पडलेली. तिचा तुकडा टाकला. तो क्षणभर पाण्यावर थबकला, बुडबुडे सोडले आणि सरळ तळाला गेला.

बादलीशेजारी उकिडवा बसून मी तो तुकडा बघत राहिलो. आतनं बायकोनं विचारलं, "काय शिजायलंय तिथं?"

खोटं बोललो असं नाही. इकडं सगळे यालाच नायलॉन म्हणतात. ज्या ठोक व्यापाऱ्याकडून माल येतो तोही म्हणतो, गिऱ्हाईकही म्हणतं, आणि बिलावर काय छापलंय ते चष्मा लावून वाचायची गरज कधी पडली नाही. आमच्या लहानपणी हा शब्द आला तो झळाळत आला. नायलॉनची साडी आली, नायलॉनचे मोजे आले. जे चकचकीत आणि न फाटणारं, ते नायलॉन. पुढं तर नायलॉन शेव आली, नायलॉन साबुदाणा आला. आता त्या साबुदाण्याला कुणी पॉलिप्रॉपिलीन आहेस का विचारायला गेलं नाही. पण माझं दुकान किराण्याचं नव्हे, दोराचं आहे. वडलांच्या काळी या दुकानात अंबाडीचा दोर होता, तागाचा होता, घायपाताचा होता आणि घाटाखालून यायचा तो काथ्या. डोळे मिटून नुसत्या वासावर त्यांना कळायचं. अंबाडीला ओल्या गवताचा वास, काथ्याला खाऱ्या धुराचा. बेंदराच्या आधी आठ दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. त्यात आमच्या भागात बेंदूर दोन, एक कर्नाटकी आणि एक महाराष्ट्राचा, त्यामुळं नवे कासरे, नव्या वेसणी, गोंडे, सगळ्याची विक्री महिना-दीड महिना चाले. वडील म्हणायचे, सरकारं भांडेनात का, आपला बैल दोनदा सजतो. आता बैलच उरले नाहीत. दारात पॉवर टिलर असतो, त्याला काही वेसण लागत नाही.

वावाबद्दल सांगायचं राहिलंच. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव. चार हातांचा एक वाव धरतात. वडील उंच होते, त्यांचा वाव गिऱ्हाइकाच्या फायद्याचा, म्हणून लांबलांबून माणसं येत. दोर छातीवरनं सरसर सरकायचा आणि ते मोठ्यानं मोजायचे, लाभ, दोन, तीन. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. पूर्वेकडच्या गावांतली कन्नड गिऱ्हाइकं यायची, ती म्हणायची, "हत्तु मारु हग्ग कोडरी." दहा वाव दोर द्या. मारु म्हणजे वावच. वडील तेच हात तसेच पसरायचे, फक्त मोजायचे कन्नडात, वंदु, एरडु, मूरु. मेट्रिक माप येऊन, १९५८ पासून म्हटलं तर, किती वर्षं झाली. शिक्का मारलेली लोखंडी पट्टी माझ्याही गल्ल्याला टेकलेली असते, आणि प्लास्टिकचा दोर तर मी किलोवरच विकतो. पण जुनं गिऱ्हाईक आलं की हात आपसूक पसरतात. भाच्याच्या वेळीही तेच झालं. लाडका भाचा, म्हणून पट्टीला हात न लावता वडलांसारखं मोजायला गेलो. पहिल्या तुकड्याला हात ताजे होते, दुसऱ्याला खांदा भरून आला असेल. वीतभर तिथं गेली.

मुळात त्याला तो दोर कशाला हवा होता, हेही मी धड ऐकून घेतलं नव्हतं. तो म्हणाला होता, "ब्रायडल करायचंय." आता आमच्या दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, 'ब्रायडल मेकअप' असा गुलाबी बोर्ड आहे. मला वाटलं, गोव्यात बोटीवर लग्नं लागतात म्हणे, त्यातलंच काहीतरी, मंडप-बिंडप बांधायचा असेल. म्हणूनच मी झळझळीत निळा दोर निवडला. नंतर फोनवर त्यानं पुन्हा नीट सांगितलं. कॅटमरान म्हणजे दोन कण्यांची बोट. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी आणि वर एकच घर. एका होडीच्या बोटीला नांगर टाकला की नाळेवरनं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरनं, साखळी सरळ खाली जाते, काम झालं. हिला दोन नाळा. मधनं एकाच साखळीवर धरलं तर ती वाऱ्यात ठरत नाही, खुंट्याला बांधलेलं खोंड कसं या अंगाला त्या अंगाला झेपा घेतं तशी घेत राहते. म्हणून दोन्ही नाळांपासून एकेक दोर पुढं आणायचा, दोन्ही एका ठिकाणी साखळीला अडकवायचे आणि सगळा भार त्या दोन दोरांवर घ्यायचा. बोट डावीकडं गेली की एक दोर ताणतो आणि तिला मागं खेचतो, उजवीकडं गेली की दुसरा. याला ब्रायडल म्हणतात. घोड्याच्या लगामाला जो इंग्रजी शब्द आहे तोच. "मग लगाम म्हण की," मी म्हटलं. "किंवा मोरकी म्हण. वर पार्लरवालीचा बोर्ड बघून मला काय कळणार."

खरा नायलॉन मुंबईहून मागवला. भाव ऐकून पुन्हा एकदा विचारला. आला तेव्हा गुंडाळीच्या वजनानंच कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. पांढरा, तीन पदरी, हाताला मऊ, किंचित मेणचट, आणि वास जवळजवळ नाहीच. या वेळी एकाच खिळ्याला दोन्ही तुकडे अडकवले, दोन्ही एकत्र ओढून धरले, पट्टी लावली आणि एकाच सुरीनं एकाच वेळी कापले. मनात आलं, आमच्या शेतीत असे दोन दोर बरोब्बर सारखे कधी लागलेच नाहीत. आजोबांच्या मोटेला दोन दोर असत, जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, पण तिथं ते बरोबर तेवढेच असमान लागायचे. सोंदूर ढिला पडला की सोंड खाली येऊन पाणी थारोळ्यात पडायच्या ऐवजी वाटेतच परत विहिरीत. तो फरक आजोबांनी कधी पट्टीनं मोजला नसेल. पण चुकल्याचंही कुणी सांगत नाही. माझं चुकल्याचं मात्र आता सगळं घर सांगत होतं. बहिणीनं फोन करून विचारलं, "दादा, त्याच्या बोटीला काय झालं तर?" मी म्हटलं, मी स्वतः घेऊन जातो.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. हा रस्ता मी शंभरदा गेलो असेन, पण दोर घेऊन नाही. काथ्या खालनं वर यायचा, वरनं खाली दोर नेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथं चहाला थांबतोच. ही नदी आमच्या खानापूरवरनं जाते आणि पूर्वेला वाहत कुडलसंगमाला कृष्णेला मिळते. आणि याच तालुक्यातल्या जंगलातनं म्हादई निघते, ती मात्र उलटी, पश्चिमेला, गोव्यात उतरते आणि पणजीला मांडवी म्हणून समुद्राला मिळते. दोन्ही राज्यं तिच्या पाण्यावरनं कोर्टात आहेत, ते इथं नको. मला त्या दिवशी एवढंच वाटलं, की आमच्या रानात पडलेला पाऊस त्या पोराच्या बोटीखालनं जात असणार, आणि त्याला ते ठाऊक नसणार. मांडीवर पिशवी आणि पिशवीत साप वेटोळं घालून बसावा तसा दोर. घाट उतरला की कानाला दडा बसतो, हवा जाड होते, आणि साखळी गावाच्या पुढं कधीतरी खारा वास येतो.

बोट आग्वादच्या आतल्या बाजूला, नदीच्या तोंडाशी उभी होती. पोरगं छोट्या रबरी होडीतनं न्यायला आलं. अनवाणी, काळाकुट्ट झालेला, कोकणी आणि आमची भाषा अशी मिसळून बोलत होता की बहिणीनं ऐकलं असतं तर रडली असती. त्या होडीला पुढं बांधायला दोर होता, निळा. मी ओळखला. माझाच. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हा इथं एक नंबर आहे, मामा. होडीच्या दोरानं तरंगायलाच पाहिजे. बुडला की पंख्यात अडकतो." मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही. बोट चाळीस फुटी. दोन पांढऱ्या होड्या, मध्ये पुढच्या बाजूला घट्ट ताणलेली जाळी, तिच्यावर चालताना खाली हिरवं पाणी दिसतं आणि पोटात कसंतरी होतं. कॅटमरान हा शब्द तमिळ कट्टुमरमवरनं आला, कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेलं लाकूड. हे मला ठाऊक होतं आणि एवढं एकच त्या बोटीवर मी लोकांना सांगू शकलो. कॅप्टन हसून म्हणाले, "मग तुम्ही बरोबर धंद्यात आहात."

दोराच्या टोकाला डोळा विणायचा होता. गाठ मारली तर दोराची ताकद बरीच कमी होते, म्हणून तीन पदर उलगडायचे, पोलादी कडीभोवती वळवायचे आणि त्याच दोराच्या पिळात एकाआड एक खुपसत न्यायचे. हे मला येतं. दाव्याचं टोक वडील असंच विणायचे आणि दहाव्या वर्षी त्यांनी मला बसवून शिकवलं होतं. मी जाळीवर मांडी घालून बसलो, पहिला डोळा विणला, तीन वेळा पदर खुपसले आणि टोकं कापायला सुरी मागितली. भाच्यानं हात धरला. "अजून दोन, मामा. हा निसटतो. याला निदान पाच लागतात." अंबाडीला तीन पुरायचे, तिचं अंगच खरबरीत, पदर पदराला धरून ठेवायचा. नायलॉन गुळगुळीत, तो कुणाला धरत नाही, त्याला जास्त वेळा विणून घ्यावं लागतं. माझी बोटं म्हातारी झाली आहेत, चौथ्या वेळी पीळ उघडेना. पोरानं खिळ्यासारखं एक टोकदार हत्यार पिळात घुसवलं आणि उघडून धरलं. मी पदर ओढला. असं आम्ही दोघांनी मिळून चार डोळे विणले. पाऊण तास गेला. बोललो फारसं नाही.

दोन दोर जिथं एकत्र येतात तिथं त्यांना साखळीला अडकवायला आधी लोखंडी आकडा होता. वारा पडला, दोर सैलावले, की तो निसटून पडायचा. आता त्या जागी त्यांच्याकडं एक बारीक, अतिशय मजबूत दोराचं कडं होतं. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला घट्ट विणलेली बोराएवढी गाठ. साखळीच्या एका कडीतनं ते ओवायचं, दोन्ही दोरांच्या डोळ्यांतनं घ्यायचं आणि गाठ फासात घालून ओढायची. ओढ जितकी जास्त तितका फास आवळतो. ओढ गेली की बोटानं उघडतो. पोरगं मला कौतुकानं समजावून सांगत होतं, हे अगदी नवीन आहे, सॉफ्ट शॅकल म्हणतात याला. मी हातात घेऊन बघितलं आणि म्हटलं, "अरे, हे बिरडं आहे. म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याला काय असतं?" तो बघतच राहिला. लहानपणी गोठ्यात हजारदा हातानं घातलेलं बिरडं त्याला इथं ओळखू आलं नव्हतं. पण मलाही बादली भरेपर्यंत नायलॉन कुठं ओळखू आला होता.

दुपारी वारा चढला. समुद्रावरनं, पश्चिमेचा खारा वारा. मग नांगर उचलून जरा आत नेऊन पुन्हा टाकायचं ठरलं, नवे दोर लावायचे म्हणून. नांगर हा शब्द आपल्याकडं दोन्हीला एकच, शेतातला आणि समुद्रातला. मला वाटायचं, नुसतं नाव सारखं असेल. पण वर आलेला नांगर बघितला तर खरंच फाळ. जाड पोलादाचा, नांगरटीच्या फाळासारखा टोकदार, त्याच्यावर निळसर काळा चिखल, आणि त्या चिखलाला वास मात्र शेताचा नाही, कुजक्या शिंपल्यांचा. खाली टाकला की बोट मागं ओढत नेतात आणि तो तासात शिरतो, शिरून रुततो. आपला नांगर चालण्यासाठी रुतवतात, हा थांबण्यासाठी. पाणी चार मीटर होतं, त्यात पाण्यापासून पुढच्या दांडीपर्यंतची उंची मिळवायची, दीडेक मीटर, आणि त्याच्या निदान पाचपट साखळी सोडायची. पोरानं तीस मीटर सोडली, दर दहा मीटरला साखळीला रंग दिला होता तो मोजत. मी विचारलं, चार मीटर पाण्याला एवढी कशाला? म्हणाला, "कमी सोडली की नांगर वर ओढला जातो, जास्त सोडली की आडवा ओढला जातो आणि रुततो. त्याला वाव पाहिजे, मामा." त्यानं सहज म्हटलं, त्याला वेगळा वाव म्हणायचा होता. मी आपला हात पसरून मनात हिशेब करत बसलो, तीस मीटर म्हणजे वडलांचे सोळा-सतरा, माझे अठरा.

मग इंजिन उलटं चालवून नांगर घट्ट बसला की नाही बघितलं. पोरगं मधल्या जाळीच्या टोकाला पालथं पडलं, हात खाली घालून साखळीच्या कडीत बिरडं ओवलं. साखळी चालू असताना बोटं तिथं न्यायची नाहीत, हे कॅप्टन तीनदा ओरडले. मी वरनं त्याच्या बोटांकडंच बघत होतो. मग साखळी आणखी तीन-चार मीटर सोडली. ती सैल पडून मध्ये झोळीसारखी लोंबली आणि भार हळूहळू दोरांवर आला. आधी डावा उचलला गेला, पाण्यातनं वर आला, मग उजवा. दोन्ही ताणत गेले आणि ताणताना त्यांच्या पिळातनं पाणी बाहेर आलं, ओळीनं मोत्यासारखे थेंब, धुणं पिळल्यासारखे. मी उजव्या दोरावर तळवा ठेवला. तो जिवंत होता. वाऱ्याचा झोत आला की लांबायचा, झोत गेला की परत यायचा. भाचा म्हणाला होता की जोराच्या ओढीला दहा मीटरचा दोर मीटर-दीड मीटर लांबतो, म्हणूनच नायलॉन. साखळी लांबत नाही, ती हिसका देते आणि तो हिसका थेट बोटीच्या अंगाला बसतो. साखळी ओढणारं ते यंत्र तर उचलायला ठेवलेलं, रात्रभर भार धरून ठेवणं त्याचं काम नव्हे. माझा निळा दोर असा लांबला नसता, आणि उन्हात चार महिन्यांत त्याचा भुसा झाला असता. हे मला कुणी सांगायला नको होतं, भुसा झालेले दोर परत घेऊन येणारी माणसं मला तोंडपाठ आहेत.

दोन दोर लांब का, आखूड का नकोत, हे त्यानं भरलेल्या बादलीनं दाखवलं. कडीतनं दोर ओवून दोघांनी दोन टोकं धरायची. जवळ उभं राहिलो तर प्रत्येकाला निम्मं ओझं. एकेक पाऊल मागं सरकत गेलो तसे हात भरून आले, आणि दोरांमध्ये एवढा मोठा कोन झाला, १२० अंशांचा म्हणे, की प्रत्येकाला आख्ख्या बादलीएवढा भार. बादली तीच. म्हणून दोन नाळांमधलं अंतर सहा मीटर असेल तर दोर नऊ-दहा मीटरचे तरी ठेवतात, म्हणजे कोन अरुंद राहतो. आणि दोन्ही सारखेच, हाही नियम कायमचा नाही. संध्याकाळी समुद्राकडनं लाटा वळून आत येऊ लागल्या, बोट आडवी हलायला लागली. कॅप्टननी डावा दोर हातभर सैल केला. बोट थोडी तिरकी वळून उभी राहिली, लाट नाळेवर घेऊ लागली आणि ताटातली आमटी स्थिर झाली. मला आजोबांचा म्हातारा पवळ्या आठवला. तरण्या बैलाबरोबर जुंपताना आजोबा जुवावरचं वेठण, म्हणजे जू बांधायचा दोर, मधनं दोन बोटं तरण्याकडं सरकवायचे. जास्त ओझं त्याच्या मानेवर जायचं आणि पवळ्या आपला बरोबरीनं चालल्यासारखा ऐटीत चालायचा.

आता सीमाभागातला माणूस दोन दोर आणि एक साखळी बघितली की लगेच उपमा काढायला बसतो. मीही परतीच्या गाडीत काढली होती, दोन भाषा, दोन राज्यं, मधोमध आम्ही, वगैरे. दुकानाचा बोर्ड गेल्या वर्षी नव्यानं रंगवला, कन्नड वर मोठं, मराठी खाली बारीक, त्यालाही त्यात बसवलं होतं. पण खरं सांगायचं तर बोटीवर यातलं काही सुचलं नाही. तिथं पोराची बोटं आणि साखळी यांच्यात किती अंतर आहे, एवढंच दिसत होतं.

रात्री तिथंच झोपलो. झोप कसली. खारा वारा पडला आणि ओहोटी लागली, नदीचं पाणी बोटीला एकीकडं ढकलायला लागलं आणि उरलासुरला वारा दुसरीकडं. ताणलेले दोर सैल होऊन बोटीखाली गेले आणि अंगाला घासल्याचा आवाज येऊ लागला, कुणीतरी भिंतीला पाठ घासतंय असा. पोरगं मोबाईल उशाशी ठेवून झोपलं होतं. बोट नांगरावरनं सरकली तर तो वाजतो म्हणे. ते उठलं, टॉर्च घेऊन पुढं गेलं, बघून आलं. "नदी आणि वारा भांडायलेत," म्हणालं. "जमिनीवरचा वारा सुटला की मिटेल." पहाटे तीन-साडेतीनला तो सुटला. थंड, कोरडा, पूर्वेकडनं, घाटावरनं उतरून आलेला मतलई वारा. बोट सावकाश फिरत फिरत पूर्ण वळली आणि दोन्ही दोर पुन्हा ताणले. आवाज थांबला. मी पुढच्या जाळीवर जाऊन बसलो. अंधारात काही दिसत नव्हतं, पण दोन्ही नाळांची तोंडं आता चोर्ल्याकडं होती. पोरगं परत झोपलं होतं. त्याच्या आईला फोन करावा असं वाटलं, पण ती वेळ नव्हती.

परत येऊन आता दीडेक महिना झाला. दुकानात मी रिळांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. नायलॉन हा शब्द फक्त एकाच रिळावर आहे, आणि ते रीळ हलत नाही. बाकीच्यांवर मी 'प्लास्टिक दोर' लिहिलं तर गिऱ्हाइकं म्हणतात, नको, नायलॉनचाच द्या. मग मी समजावतो. मग ती शेजारच्या दुकानात जातात. बायको म्हणते, बादलीतनं बाहेर या आता.

परवा पारिश्वाडकडचा एक म्हातारा शेतकरी आला. धोतर, खांद्यावर घोंगडं, पायरीवरच उभा. "हत्तु मारु नायलॉन हग्ग कोडरी." मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात विचारलं, "तेलोदु बेको, मुळगोदु बेको?" तरंगणारा पाहिजे की बुडणारा? मला वाटलं हसेल, नाहीतर उठून शेजारी जाईल. त्यानं शांतपणे विचार केला. म्हणाला, विहिरीला पाहिजे, तेव्हा तरंगणाराच दे. हातनं घागर सुटली तर निदान दोर तरी वर सापडायला नको का? मी निळ्या रिळाचं टोक काढलं आणि हात पसरले. वंदु, एरडु, मूरु. चौथ्याला त्यानं थांबवलं. "निम्म मारु सण्ण ऐतरी," म्हणाला, तुमचा मारु लहान आहे, आणि माझ्या हातातनं दोर घेऊन पहिल्यापासून स्वतःच मोजायला लागला. दुकानाच्या एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत त्याचे हात. दहा झाले, मी सुरी फिरवली. तो तपकीर ओढायला बाहेर कट्ट्यावर गेला तेवढ्यात, काट्यावर टाकायच्या आधी, मी तो दोर माझ्या हातानं परत मोजून बघितला. अकरा भरला, वर वीतभर.